टाकीवरचा दुसरा माणूस

सकाळी पावणेआठला पोपटनं लोखंडी चावी तिसऱ्या आळीच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरवली, एक आटा फिरवला, आणि पाठीत उसण भरल्यासारखा तो तसाच वाकलेला राहिला.

आज टाकीत पावडर टाकली का?

टाकली असणार. रोज टाकतो. आठ वर्षं टाकतोय. पण ‘असणार’ हा शब्द पाण्याच्या बाबतीत बरा नव्हे, हे पोपटला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या दोन आळ्यांना पाणी सुटून पाऊण तास झाला होता. बायकांनी हंडे भरले होते, पोरं नळाला तोंड लावून पाणी पिऊन शाळेत गेली होती.

शिरूर तालुक्यात निमोण्याहून न्हावऱ्याकडं जाताना एक फाटा आत वळतो, तिथून तीन किलोमीटरवर ही वाडी. नाव मुद्दाम सांगत नाही, वाडीतल्या लोकांना अजून पोरांच्या सोयरिकी जुळवायच्या आहेत. दोनशे दहा उंबरे, एक देऊळ, एक बुद्धविहार, एक दूध डेअरी आणि पन्नास हजार लिटरची उंच टाकी. टाकी ग्रामपंचायतीची, पण टाकीचा माणूस पोपट. कागदावर तो ‘जलसुरक्षक’ होता. हे नाव त्याला फार आवडायचं. वाडी त्याला पाणीवाला म्हणायची.

काम तसं सरळ. थ्री फेज लाइट आली की विहिरीवरची मोटर चालू करायची आणि टाकी भरू द्यायची. तोवर बादलीत पावशेर टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पांढरी पावडर, कालवून ठेवायची. चुना खाली बसला की बादलीला दोर बांधायचा, शिडीनं वर चढायचं, बादली ओढून घ्यायची आणि झाकण उघडून वरची निवळी टाकीत ओतायची. अर्धा तास थांबायचं. मग चावी घेऊन आळी-आळीनं पाणी सोडत फिरायचं. यात अवघड काहीच नव्हतं. फक्त करताना माणूस तिथं पाहिजे.

आणि पोपट तिथं नसायचा.

तो कुठं असायचा हे सांगायचं तर दौंडला जावं लागेल. विशीत असताना पोपट दौंडला मामांकडं राहून आयटीआय करत होता. मामा रेल्वेत होते. त्यांचं क्वार्टर रुळांना इतकं चिकटून होतं, की मालगाडी गेली की मांडणीतले पेले एकमेकांशी बोलायला लागायचे. पोपट खिडकीत बसून इंजिनं बघायचा. बघता बघता तो इंजिनात चढायचा, आणि मग मामी जेवायला हाका मारून मारून थकायच्या.

रेल्वेभरतीचा फॉर्म त्यानं मोठ्या हौसेनं भरला. फोटो चिकटवला, पाकिटावर तिकीट लावलं आणि स्टेशनाजवळच्या पेटीत टाकला. पेटीच्या तोंडावरचा गंज, पाकीट आत पडल्याचा बारीक आवाज, सगळं त्याला स्वच्छ आठवत होतं. दोन महिने त्यानं हॉलतिकिटाची वाट पाहिली. मग दिवाळीच्या आधी मामींनी गाद्या उन्हात घातल्या, तेव्हा पाकीट गादीखाली निघालं. तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेला, जरा चपटं झालेलं.

“आरं, ह्ये काय?” मामींनी विचारलं.

पोपटनं तर ते पेटीत टाकलं होतं. त्याच्या डोक्यात तरी टाकलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात तो मनातल्या मनात परीक्षा पास झाला. मग जी नोकरी लागली ती आजतागायत चालू आहे. आधी असिस्टंट ड्रायव्हर, मग मालगाडी, मग मेल-एक्स्प्रेस. मनमाडला झालेली बदली त्यानं खटपट करून रद्द करून घेतली. काष्टीजवळ रुळाला तडा गेलेला ओळखून गाडी थांबवली, त्याबद्दल सत्कार झाला, आणि सत्काराला जाताना तो मनातल्या मनातसुद्धा लाजला. सहा वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली विक्रम नावाचा असिस्टंट आला. हडकुळा, चहा न पिणारा, दर दोन वाक्यांनी ‘सायेब’ म्हणणारा. विक्रमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन बिघडलं, तेव्हा भाकरी मोडता मोडता पोपटच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“ठेचा लई तिखट झाला का?” मायानं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

“हूं,” पोपट म्हणाला. दुसरं काय सांगणार?

एखाद्याला ह्याची मौज वाटेल. पोपटला सुरुवातीला वाटायची, पुढं भीती वाटायला लागली. दिवसाचे चार-चार, पाच-पाच तास कुठं जायचे कळायचं नाही. पोरीच्या, करुणाच्या, पालकसभेला तो वेळेवर शाळेत गेला आणि फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसला. सभा संपून लोक बाहेर आले तेव्हा त्याची गाडी केडगावला सिग्नलला उभी होती. तो एकटाच हसायचा, ओठ हलवायचा, म्हणून मायानं एकदा सरळ विचारलं होतं, “कोन हाय ती?” त्याचा मोबाइल तिनं दोन दिवस तपासला. त्यात पंचायतीचे मेसेज आणि मोटारीच्या मिस्त्रीचा नंबर सोडून काही सापडलं नाही. बाई निघाली नाही म्हणून तिला बरं वाटलं, आणि मग हा हसतो कुणाला म्हणून जास्तच काळजी लागली. ‘बाई न्हाई, इंजिन हाय’ असं बायकोला कोणत्या तोंडानं सांगावं?

त्यानं उपाय केले होते. बोटाला रबर बांधलं. दुपारी रबर बघून ते कशासाठी बांधलं हे आठवेना. मग पावडर टाकली की टाकीच्या खांबावर खडूची रेघ ओढायची असं ठरवलं. ते महिनाभर बरं चाललं. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की उगाच विसरायला नको म्हणून आपण रेघ आधी ओढतोय.

आत्ता, तिसऱ्या आळीच्या खड्ड्यावर, त्यानं फिरवलेला आटा उलटा फिरवला, चावी खांद्यावर टाकली आणि तो टाकीकडं निघाला. आधी चालत, मग पळत.

पुरावा काहीतरी असणारच. बादली ओली होती. पण त्याच बादलीतनं त्यानं सकाळी पाय धुतले होते. दोर ओला होता, पण तो मोटारीच्या गळक्या पाइपाखाली पडला होता. बादलीतला उरलेला चुना तो रोज चिंचेखाली ओततो. चिंचेखाली पांढरं होतं, आणि आठ वर्षं ते पांढरंच होतं. पावडरीच्या पोत्यात हात घातला. पोतं जेवढं होतं तेवढं होतं. काल किती होतं ते कुणी बघितलंय? त्यानं हात नाकाला लावला. वास येत होता. पण त्याच्या हाताला लग्नातसुद्धा तो वास येतो.

पोपट पहिल्या पायरीवर बसला आणि डोळे मिटून आठवायला लागला. आणि आठवलं! सगळंच आठवलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. शिडीचा चौथा गज हलत होता. झाकण उघडलं तेव्हा आत कबुतराचं पीस तरंगत होतं, ते त्यानं बोटानं बाजूला काढलं. मग बादली ओतली, निवळी पाण्यावर पसरली. छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं कपाळ पुसलं. म्हणजे टाकली. उगाच घाबरलो.

मग त्याच्या ध्यानात आलं, की ह्या आठवणीत दोर कुठं नाही. बादली त्याच्या हातात खालून कुणीतरी दिली होती. “घ्या सायेब,” असं म्हणून.

म्हणजे नाही टाकली.

पण तेही धड नव्हतं. कारण तो खरोखर वर चढायचा तेव्हाही विक्रम कधीकधी असायचाच. विक्रम होता म्हणजे पावडर पडलीच नाही, असंही म्हणता येईना.

दुसरा कुठला दिवस असता तर एवढा जीव खाली-वर झाला नसता. पण गावठाणातल्या पाइपाला गटारीजवळ भेग पडून सहा महिने झाले होते. पाणी बंद असलं की गटारीचं त्यात शिरतं हे पोपटला ठाऊक होतं. सोमवारीच पलीकडच्या गावात जुलाबानं चारजणांना सलाइन लागलं होतं. आणि आज दुपारी बाराला हौसराव आबांच्या नातीचा साखरपुडा. दौंडची सोयरी मंडळी, सहाशे पान. जारचं पाणी सांगू का, असं पोरांनी विचारलं तेव्हा आबा म्हणाले होते, “आपल्या टाकीचं पानी काय वाईट हाय? पाव्हन्यांना आपल्या घरचं पाजा.” मांडवामागच्या दोन मोठ्या टाक्या पहिल्या आळीच्या नळानं सकाळीच भरल्या होत्या. पोपटनंच भरून दिल्या होत्या.

आता काय करायचं? गुपचूप आणखी पावशेर टाकावी? पण टाकी निम्मी रिकामी झाली होती. आधी टाकली असेल तर आता दुप्पट-तिप्पट व्हायची. मागच्या वर्षी असंच एकदा झालं होतं. वाडीभर चहाला संडास धुवायच्या औषधाचा वास सुटला होता. तेव्हा पोपटनं ‘यंदा पावडरच लई कडक आलीय’ असं सांगून वेळ मारून नेली होती. आणि टाकीत कितीही टाकली तरी मांडवामागच्या टाक्यांत गेलेलं पाणी काही परत येणार नव्हतं.

गप्प बसावं, तर? कदाचित टाकलीही असेल.

हा विचार फार गोड होता. पोपट त्याच्याजवळ पाच मिनिटं बसला. पण त्याच्या घरी ज्या खुंटीला चावी लटकायची, त्याच खुंटीखाली त्याची आई आक्काबाई रोज दिवसभर बसायची. आक्काबाईनं लहानपणी ह्याच वाडीत विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी वरून पाणी ओतील म्हणून ओंजळ धरलेली होती. आठ वर्षांपूर्वी पोपटला काम लागलं त्या दिवशी तिनं ती चावी राखेनं घासली, पुसली आणि स्वतःच्या हातानं खुंटीला लावली. कुणी आलं-गेलं की म्हणायची, “गावाचं पानी आता आमच्या भिंतीला टांगलेलं असतंय.” उद्या सहाशे माणसांची पोटं बिघडली, तर नोकरी जाईल हे खरंच. पण नोकरीबरोबर लोक आणखी काय काय बोलतील, आणि ते आक्काबाईच्या कानावर कसं पडेल, हे पोपटनं एका क्षणात सगळं बघितलं. वाईट गोष्टीसुद्धा त्याला अशाच रंगीत दिसायच्या.

खरं-खोटं करायचा एकच रस्ता होता. पाण्यात दोन थेंब टाकायचं औषध असतं. पावडर असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर होत नाही. पोपटची बाटली दिवाळीतच संपली होती. नवी त्यानं मागितली होती. कुणाकडं, कधी, ते विचारू नका. दुसरी बाटली होती वाडीत आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडं, म्हणजे अनिताकडं.

अनिता साखरपुड्याला निघायच्या तयारीत होती. अर्धे केस विंचरलेले, तोंडात पिना.

“अनिताताई, ती पिवळं करायची बाटली हाय का?”

“हाय की. का वो पोपटभाऊ, सायेब येनार हायेत का तपासायला?”

“न्हाई. मलाच तपासायचंय.”

“काय?”

“मी पावडर टाकली का न्हाई, ते.”

अनितानं पिना तोंडातनं काढल्या. “वर तुमी चढला व्हता का मी?”

“मीच. पर विक्रम व्हता बरूबर. म्हून खात्री वाटंना.”

“विक्रम कोन?”

“असिस्टंट हाय माझा.”

“पंचायतीनं असिस्टंट कवा दिला तुमाला? आमाला साधी छत्री देत न्हाईत!”

“दिला न्हाई,” पोपट म्हणाला. बावीस वर्षांत ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. मांडवात कुणीतरी स्पीकर तपासत होतं, ‘हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन’. “त्यो नसतोच ताई. माझ्या डोस्क्यात असतोय. मी रेल्वे चालवतो. म्हंजी बसल्या जागी. काम हातानं चालू असतंय आन् मी तिकडं असतो. येड लागलंय म्हना. पर आधी पानी बघा.”

अनिता हसली नाही. तिनं पदर खोचला, कपाटातली बाटली काढली, नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि थेंब टाकले. दोघांनी नळी दारातल्या उजेडात धरली.

पाणी पिवळं झालं नाही.

“बाटली जुनी झाली आसंल,” पोपट म्हणाला. जीव असा शेवटपर्यंत धडपडतो.

अनितानं माठातलं कालचं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले. कालचं पाणी फिकट पिवळं झालं. औषध चांगलं होतं. काल पोपट टाकीवर होता. आज नव्हता.

“चला,” अनिता म्हणाली आणि केस तसेच गुंडाळून तिनं स्कूटीला किक मारली.

मांडवात हौसराव आबा पांढऱ्या धोतरात, गुलाबी फेट्यात उभे होते. मागं आचारी जिलेबीच्या कढईपाशी. दौंडच्या पाहुण्यांची पहिली गाडी निमोण्याला आल्याचा फोन नुकताच येऊन गेला होता. मागच्या टाक्यांत बर्फाच्या लाद्या पडत होत्या.

“आबा, त्ये पानी पिऊ देऊ नका,” पोपट म्हणाला.

“का रं? काय झालं?”

“त्यात औषध न्हाई.”

“कोन म्हनतं न्हाई?”

“मीच.”

आबांनी आधी पोपटकडं बघितलं, मग अनिताकडं. अनितानं मान हलवली.

“टाकलं न्हाईस तू?”

“मला वाटलं टाकलं.”

“वाटलं म्हंजी? पावडर काय वाटायची चीज हाय? कुठं व्हतास?”

“टाकीवरच व्हतो. पर ध्यान न्हवतं. इचार करत व्हतो.”

“कसला इचार?”

मांडवात तोवर दहा-बारा माणसं जमली होती. खोटं बोलायला पोपटकडं वेळही उरला नव्हता. “रेल्वेचा,” तो म्हणाला.

आचारी फिस्कन हसला. आबा नाही हसले. त्यांचा चेहरा फेट्याच्या रंगावर गेला. “आरं, माझ्या नातीचा साखरपुडा, आन् तू रेल्वेचा इचार करतोयस? दारात पावनं आल्यात! त्यांनी हितं पानी पिऊन दौंडला जाऊन दवाखान्यात झोपायचं व्हय? कोन पोरगी नील मग माझी?”

आबांनी मांडवाच्या खांबावर हात आपटला, एकदा टाक्यांकडं बघितलं आणि एकदम आवाज उतरवला. “ताई, आता काय करायचं त्ये बोला.”

अनिताजवळ क्लोरिनच्या द्रावणाच्या बाटल्या होत्या. मांडवामागच्या टाक्यांच्या मापानं तिनं ते मोजून ओतलं. अर्धा तास थेंबभरसुद्धा पाणी कुणाला द्यायचं नाही. बर्फ, ताक, सरबत सगळं बाजूला. चहा चालेल, तो उकळलेला. म्हणून दौंडची मंडळी उतरली तशी त्यांच्या हातात चहा आला. बसली, चहा आला. पाणी मागितलं, पुन्हा चहा आला. एवढ्या उन्हात तिसऱ्या कपाला नवऱ्या मुलाचे चुलते म्हणाले, “मानसं लई आग्रही दिसत्यात.”

वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अनितानं मेसेज टाकला: ‘आज सकाळी सुटलेलं पाणी पिऊ नये, किंवा उकळून प्यावं.’ पाठवायच्या आधी तिनं पोपटकडं बघितलं. “कारन काय लिहू? तांत्रिक अडचन?”

“पोपटकडनं पावडर टाकायची राहिली, असं लिवा,” तो म्हणाला. मग जाऊन त्यानं सगळे व्हॉल्व्ह बंद केले, उरलेल्या पाण्याच्या मापानं पावडर टाकली, आणि नळी पिवळी होईपर्यंत अनिताला शिडीखालून हलू दिलं नाही.

पण पहिल्या दोन आळ्यांनी पाऊण तास प्यायलेलं पाणी तर पोटात गेलं होतं. पुढचे तीन दिवस पोपटनं कसे काढले ते त्यालाच माहीत. तो घरोघर फिरत होता. “राम राम, पोट कसं हाय?” “जयभीम काकी, पोट बरं हाय न्हवं?” लोकांना आधी कळेना, मग कंटाळा आला, मग ते त्याला लांबून बघूनच ‘बरं हाय, बरं हाय’ ओरडायला लागले. दुसऱ्या दिवशी साखरबाई म्हातारीचं पोट बिघडल्याचं कळलं. तो धावत गेला.

“किती येळा जावं लागलं मावशी?”

“तीन येळा. पर तू का रडतोस मेल्या? नऊ जिलब्या खाल्ल्या मी. सून मोजत व्हती.”

तरी तो अनिताला घेऊन आलाच. अनितानं मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं, संध्याकाळपर्यंत म्हातारी दहावी जिलेबी मागायला लागली. बाकी कुणाला काही झालं नाही. शाळेत जाऊन पोपट पोरांची हजेरीसुद्धा विचारून आला. सगळी हजर होती. तरी तिसरा दिवस मावळेपर्यंत त्याचं फिरणं थांबलं नाही.

चेष्टा तर होणारच होती. “पोपट, गाडी किती लेट हाय?” “आरं, माझं एक तिकीट काढ की दौंडचं!” ते तो खाली मान घालून सोसत होता. पण एकदा पारावर सत्यजीत, पंचायतीचा मेंबर, दात कोरत म्हणाला, “म्हून मी म्हनत व्हतो, पान्याला मानूस कुठल्या आळीचा ठेवायचा ते आधी बघत जा.”

पोपट चावी घेऊन तिथनंच चालला होता. त्याला वाटलं, आता हे घरापर्यंत जाणार.

हौसराव आबा पलीकडं बसले होते. “सत्यजीत,” ते म्हणाले, “त्यानं पावडर टाकली न्हाई, त्ये त्यानं माझ्या मांडवात येऊन तोंडावर सांगितलं. गटारीजवळचा पाइप तू सा म्हैने झालं नीट करतोयस. त्ये कोन येऊन सांगनार? त्यात आळीचं काय?”

सत्यजीतनं काडी टाकली आणि त्याला एकदम कुठंतरी जायचं आठवलं. आबांनी पोपटकडं मात्र बघितलं नाही. त्यांचा राग अजून गेला नव्हता, आणि तो जावा अशी पोपटची अपेक्षाही नव्हती.

घरचा हिशेब वेगळाच होता. मायाला विक्रमची बातमी पिठाच्या गिरणीत कळली होती. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, “गावाला सांगितलं. आशाताईला सांगितलं. मी एकोनीस वर्सं हितं बसलीया.”

“तू हसशील वाटलं.”

“हसले आसते. मग काय झालं आसतं? मी बाई शोधत व्हते मोबाइलमदी. कोन हाय त्यो विक्रम? लगीन झालंय का त्याचं?”

“न्हाई. आईचं गुडघ्याचं दुखनं हाय, म्हून…”

मायानं थापणं थांबवलं. “तवा रडला व्हता तुमी त्ये त्याच्या आईसाठी? आन् मी सा म्हैने ठेच्यात मिरच्या कमी घालतीया?”

आणि मग ती हसली, खरोखरच पोट धरून. आक्काबाईनं आतनं विचारलं काय झालं म्हणून, तेव्हा दोघांनाही सांगता येईना. हसणं थांबल्यावर मात्र तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, “दिसातनं किती येळ तिकडं आसता?” पोपटनं बोटं मोजली. चार तास म्हणाला, मग पाच म्हणाला. पाच तास म्हणजे ती त्याच्याबरोबर जागेपणी घालवत होती त्यापेक्षा जास्त.

अनितानं त्याला शिरूरला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्याही पोपटला भीती, की आपण इथं खरंच आलोय ना. डॉक्टरीणबाईंनी त्याला वेडा म्हटलं नाही. असे लोक बरेच असतात म्हणाल्या, आणि एक वही दिली: कधी तिकडं गेलात, काय करताना गेलात, ते लिहीत जा. पोपटनं विचारलं, “विक्रमला आता काढून टाकावं लागंल का?” त्या म्हणाल्या, एकदम नको, आधी कामाच्या वेळेला येऊ नको असं सांगून बघू. पोपटला ते पटलं. पण सहा वर्षांच्या माणसाला असं सांगायचं म्हणजे जड जात होतं.

पंचायतीच्या बैठकीत तासभर वाद झाला. शेवटी सरपंच पृथ्वीराजनं तोड काढली: पोपटला एक महिना बघायचं. रोज पाणी सोडायच्या आधी पिवळ्या नळीचा फोटो ग्रुपवर आला पाहिजे. एक दिवस चुकला, तर चावी पंचायतीत जमा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माया त्याच्याबरोबर टाकीपर्यंत आली. पोपटनं दोर बांधला, शिडी चढला, बादली ओढून घेतली. एवढी साधी बादली आयुष्यात कधी एवढी जड लागली नव्हती. वारा होता, खाली ऊस हलत होता, आणि लांबून, कदाचित मोटारीच्या आवाजातनंच, गाडीच्या चाकांसारखं काहीतरी ऐकू यायला लागलं. पोपटनं झाकणाची कडी घट्ट धरली.

“अवं, टाकली का?” मायानं खालून विचारलं.

त्याच्या तोंडात ‘टाकली’ आलंच होतं. बावीस वर्षांच्या सवयीनं आलं होतं. तो शब्द त्यानं तसाच गिळला, आणि वाकून आधी बादलीत बघितलं, मग टाकीत.

“थांब,” तो म्हणाला. “बघून सांगतो.”

“बघा निवांत,” माया म्हणाली, आणि उन्हात डोळ्यांवर हात धरून ती तिथंच उभी राहिली.